फिर्याद दगडचोरीची

त्या प्रकरणाची आठवण आली की अजूनही अंगावर काटा येतो. स्वातंत्र्याला फार वर्षं झाली नव्हती. चांदा जिल्ह्याच्या जंगलपट्टीत मी ठाणेदार होतो आणि हद्दीत मोठ्या धरणाचं काम सुरू झालं होतं.

ठेकेदाराने फिर्याद दिली की पायासाठी रचलेले दगड रात्रीतून नाहीसे होतात. पंचनाम्यात ना गाडीची चाकोरी सापडली, ना पावलांचा ठसा. पहारेकरी म्हणाला, "साहेब, दगड आपल्या पायानं गेले. जाताना रडून राह्यले होते." मजूर काम सोडून पळू लागले. वरून निरोप आला : चोर पकडा, धरणाखाली जाणारी गावं मोकळी करा.

चोरलेला दगड कुठेतरी बांधकामात दिसतोच. इथे तसं काही दिसेना. मग आठवडी बाजारात एका कुंभारणीने आमच्या जमादाराला सांगितलं, "पलीकडच्या गोंडांच्या गावात कोणी मेलं नाई, तरी घरोघरी रडून राह्यले."

भर दुपारी आम्ही त्या गावात शिरलो. रस्त्यावर माणूस नव्हता. कुत्रंही भुंकलं नाही. पहिल्या घरात चुलीशेजारी एक उभा दगड होता. त्याला हळद लावलेली, धोतर गुंडाळलेलं, पुढे पानावर वाफाळता भात. दुसऱ्या घरातही तेच. तिसऱ्या घरात झोळी हलत होती. आत वीतभर दगड. कोपऱ्यात बसलेली म्हातारी दोरी ओढत होती.

"बाई, हे कोण?" मी विचारलं.

"माहा नातू. तापानं गेला. त्याच्या नावानं मसनात दगड उभा केला होता. ठेकेदारानं सारेच उपटून नेले. आमी आमची मानसं घरी आनली."

बांबूला बांधून, रडत रडत, मागचा माग डहाळ्यांनी पुसत त्यांनी दगड आणले होते.

"ठाण्यात काऊन नाही आलात?"

"सरकारनं जमीन घेतली म्हनते. मेलेले बी घेतले का, साहेब?"

त्या जमिनीचं संपादन अजून झालंच नव्हतं. झालं असतं तरी दफनभूमीची विटंबना हा गुन्हाच होता. मी म्हातारीची फिर्याद नोंदवली आणि ठेकेदाराला आरोपी केलं. वरून बोलणी खाल्ली, पण कोर्टात गुन्हा शाबीत झाला. धरणाच्या बुडिताची रेघ मसनाच्या अलीकडे सरकली आणि दगड पुन्हा मसनात उभे राहिले.

एक दगड मात्र आधीच धरणाच्या भिंतीत चिणला गेला होता. भिंत फोडायला माणसं आली, तेव्हा त्या मृताच्या मुलाने दगडाला कान लावला. बराच वेळ तो गोंडीत पुटपुटत होता. मग म्हणाला, "राहू द्या. बाप म्हनते, आता मी हलत नाई."

कुणीच पहार उचलली नाही.

ठाण्यात जो आधी पोहोचतो त्याचंच घर लुटलं गेलेलं असतं असं नाही, हे मी तिथे शिकलो. पुढे कोणतीही फिर्याद आली, की जो आला नाही त्याच्या दारी मी आधी जाऊन येत असे.