कौसाबाईंनी वाजवलेली शिट्टी

"कुनी वाजवली रे शिट्टी?" कंत्राटदार वरून ओरडले. लातुरात कोचिंग क्लासच्या इमारतीचा स्लॅब अर्धा भरून झाला होता. मिक्सर थांबला.

शिट्टी घमेली वाहणाऱ्या कौसाबाईंच्या हातात होती.

मी तिथे सेफ्टी ऑफिसर. नायगावकडच्या आमच्या घरातला पहिला पदवीधर. चाळीस पानांचा सेफ्टी प्रोग्राम मी जीव लावून लिहिला होता. त्यात 'स्टॉप वर्क'चा नियम होता: धोका दिसला की कुणीही शिट्टी वाजवून काम थांबवावं. शिट्टी खांबाला टांगलेली असायची. सहा महिने तिला कुणी हात लावला नव्हता. मला वाटायचं, साइट सुरक्षित आहे.

स्लॅबच्या दिवशी मालकाने सगळ्यांना जेवू घालायची आपल्याकडे रीत आहे. ऊन कडक होतं. म्हणून निम्मी माणसं त्या ओल्या स्लॅबखालीच पंगतीला बसली होती. परवानगी मीच दिली होती.

"साहेब, टेकू बोलायलाय," कौसाबाई म्हणाल्या. टेकू म्हणजे ओल्या स्लॅबला खालून दिलेला लाकडी आधार.

"बोलतो व्हय? मग त्यालाबी बुंदी वाढा!" कंत्राटदार म्हणाले. पंगत हसली.

क्लासचे मालक सर घड्याळ बघत होते. "बाई, जूनला बॅच हाय माझी."

"भूकंपात आमच्या घरावरचं माळवद पडायच्या आधी लाकूड असंच बोललं होतं," कौसाबाई म्हणाल्या. "लेकराला घेऊन भायेर आले. सासूला हाक मारूस्तोवर उशीर झाला." मग पंगतीकडे वळल्या. "उठा की गं! पत्रावळी ऱ्हाऊ द्या."

मला काहीच ऐकू आलं नव्हतं. पण नियम माझाच होता. "सगळे बाहेर!" मी ओरडलो. वरचेही उतरले.

बाहेरून वाकून पाहिलं. कोपऱ्यातला मातीचा भराव मिक्सरच्या पाण्याने भिजला होता आणि त्यात टेकू रुतत होते. मी वळून सांगणार, तोच कोपरा खाली आला. पत्रावळींवर ओलं काँक्रीट पसरलं.

मिक्सरच्या घरघरीत या बाईंनी एका लाकडाची करकर ऐकली होती. मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. कंत्राटदारांनी स्वतः तांब्या भरून त्यांच्यापुढे धरला.

"सहा महिने कुणीच का वाजवली नाही?" मी नंतर विचारलं.

"वाजवली की आधी शिव्या, मग इचारपूस. आजबी तेच झालं की."

त्या संध्याकाळी सेफ्टी प्रोग्रामच्या पहिल्या पानावर दोन ओळी वाढवल्या. स्लॅबखाली पंगत बसणार नाही. शिट्टी वाजवणाऱ्याला आधी पाणी द्यायचं, वाजवण्याचं कारण नंतर विचारायचं.

पुढच्या महिन्यात शिट्टी चारदा वाजली. तीनदा काहीच निघालं नाही. पाणी चारही वेळा दिलं.