आकाराम पाटकऱ्याचा अनुभव

आकाराम पाटकऱ्याला अनुभव नाही, असं आमच्या गावानं १९४८ साली भरसभेत ठरवलं. बावीस वर्षं तो बंधाऱ्याचं पाणी वाटत होता. हातात खोरं, पाय अनवाणी. पाणी कमी असलं की तो पाटाच्या टोकापासून भिजवायला लागे. वरची वावरं कशीही भिजतात, कोरडं राहतं ते टोक, हे त्याला पक्कं ठाऊक. स्वतःचं वावर तो सगळ्यांच्या मागून भिजवी.

त्या साली येरळा नदीवर पाणी उपसायचं इंजिन बसवून त्याच पाटात पाणी सोडायचं, म्हणून आम्ही संस्था काढली. अध्यक्षपदाला दोघे उभे राहिले: आकाराम आणि बागायतदार भाऊसो. भाऊसोंनी छापील पत्रक वाटलं. तालीम मंडळाचे अध्यक्ष, उत्सव समितीचे अध्यक्ष, दुष्काळ समितीचे अध्यक्ष. वर फेट्यातला फोटो.

सभेत दगडाबाई उठली. टोकाला तिची वीस गुंठे मिरची, बाकी काही नाही.

"आवं भाऊसो, चव्वेचाळीस साली आकारामभावजी हिवतापानं पडलं, तवा धा दिस पाट तुमच्याकडं हुता. माझ्या मिरचीला थेंब का आला न्हाई?"

भाऊसो हसले. "अध्यक्षानं खोरं धरायचं नसतं, बाई. मामलेदाराम्होरं बोलायचं असतं."

"मामलेदार माझी मिरची भिजवाया येनार हाय व्हय?"

मागून नाथाजी ओरडला, "आकाराम, तू कशाकशाचा अध्यक्ष हुतास रं?"

"कशाचाच न्हाई गड्या. पाणी देत हुतो."

सभा खदखदून हसली. बावीस वर्षांत पाण्यावरून गावात एकही डोकं का फुटलं नाही, हे कुणाला विचारावंसं वाटलं नाही. हात वर झाले, भाऊसो निवडून आले. त्या हातांत माझाही होता. मी सांगलीत इंजिनाचं काम शिकून नुकताच आलो होतो. सुटे भाग मिळवायला वजनदार माणूस हवा, असं माझं दीडशहाणं गणित. त्याची आजही चीड येते.

चैत्रात इंजिन सुरू झालं; चालवायला मीच होतो. पाणी भाऊसोंच्या उसात शिरलं आणि नऊ दिवस तिथंच राहिलं. मिरचीनं माना टाकल्या. दहाव्या दिवशी दगडाबाई आकारामच्या दारात उभी राहिली.

"माझ्या हातात आता काय हाय, बाई?"

"खोरं हाय की!"

तो तडक निघाला. इंजिनापासून हाकेच्या अंतरावर पाटातलं पाणी भाऊसोंच्या उसात वळवणारं दारं होतं. त्यानं माती ओढून ते बंद केलं आणि वर बसला. भाऊसो धावत आले.

"कुणाला इचारून? अध्यक्ष कोन हाय हितं?"

"तुमीच. पर पाणी टोकाला जानार."

भाऊसो माझ्याकडं वळून किंचाळले, "इंजिन बंद कर!"

मी वंगणाची बुधली उचलली आणि इंजिनाला तेल घातलं. ते चालूच राहिलं. दिवस मावळायच्या आत दगडाबाईच्या मिरचीत पाणी पोचलं. आकाराम तोवर दाऱ्यावरून हलला नाही.

पुढल्या महिन्यात खरेदी-विक्री संघाची निवडणूक आहे. भाऊसो उभे आहेत. नव्या पत्रकात एक ओळ वाढली आहे: पाणीपुरवठा संस्थेचे अध्यक्ष, टोकाच्या शेतकऱ्यापर्यंत पाणी पोचवले.