तीन थापा

साओ गोन्सालो शहराच्या बस आगारात इंजिनं दुरुस्त करणाऱ्या जेनिवाल्दोनं पंचेचाळिशी ओलांडली, तरी जिउ-जित्सूची कुस्ती सोडली नव्हती. त्याचा जोडीदार तार्सिझियू पोस्टमन. दोघांनी नवशिक्याचा पांढरा पट्टा एकाच दिवशी बांधला होता. पण किमोनो, म्हणजे सरावाचा जाड अंगरखा, घालून खेळताना तार्सिझियू बारा वर्षं जेनिवाल्दोच्याच कॉलरनं त्याचा गळा आवळत आला होता. वर म्हणायचा, "जेनी, तुझी कॉलर मी तुझ्या बायकोपेक्षा जास्त ओळखतो रे." सगळे हसायचे. जेनिवाल्दोही हसायचा.

शुक्रवारी किमोनोशिवाय सराव असे. धरायला कापड नाही, अंगं घामानं निसरडी. अशाच एका शुक्रवारी तार्सिझियूची टाच जेनिवाल्दोच्या काखेत सापडली. त्यानं पीळ दिला. लगेच जेनिवाल्दोच्या मांडीवर तार्सिझियूच्या थापा पडल्या, एक, दोन, तीन. हार मानली, म्हणजे तिथंच सोडायचं. जेनिवाल्दोनं क्षणभर आणखी पिळलं. गुडघ्यात काहीतरी तुटल्याचा आवाज झाला.

"कळलंच नाही मला," जेनिवाल्दो म्हणाला.

"घामात कधीकधी कळत नाही," वस्ताद म्हणाले, आणि विषय मिटला.

गुडघ्याचं ऑपरेशन झालं. चढ-उतारांच्या गल्ल्या पालथ्या घालणारा तार्सिझियू आता टेबलाशी बसून पत्रं लावू लागला. जेनिवाल्दो दर शनिवारी त्याच्याकडे मासळीचा रस्सा घेऊन जाई. "असा मित्र मिळायला नशीब लागतं," तार्सिझियूची बायको म्हणायची, आणि जेनिवाल्दो समोरचं ताट बाजूला सारायचा. आखाड्यात तर समोरचा नुसता हलला तरी तो पकड सोडून द्यायचा. नवशिके त्याला लोळवू लागले.

चौथ्या महिन्यात, तार्सिझियूची बायको स्वयंपाकघरात गेल्यावर, जेनिवाल्दो म्हणाला, "थाप मला कळली होती."

"तिन्ही?"

"तिन्ही."

तार्सिझियू गुडघा चोळत राहिला. "ठाऊक आहे. तुझे हात काय आज ओळखतो मी? तू कधी बोलतोस, तेच बघत होतो."

"मग शिव्या तरी दे."

"तुला बरं वाटेल. म्हणूनच देत नाही."

सोमवारी जेनिवाल्दोनं सगळ्यांसमोर कबुली दिली. वस्तादांनी त्याचे शुक्रवार बंद केले.

वर्षानं तार्सिझियू परतला, फक्त किमोनोतल्या सरावाला. जोडीला त्यानं दुसऱ्याला घेतलं. घरी मात्र दोघं अजून एकाच बसनं जातात. तार्सिझियू दांडा धरून एकेक पायरी उतरतो, तेव्हा जेनिवाल्दो दुसरीकडे बघतो.