वॉटर पार्कसाठी शिवलेले तीन जोड

वॉटर पार्कला जायचं ठरलं की आमच्या घरात सगळे आधी माझ्याकडे बघतात आणि मग एकमेकांकडे बघून हसतात. कारण यादी मी करते. मंगळवारी नाहीतर बुधवारी जायचं; रविवारी तिकीट महाग आणि प्रत्येक घसरगुंडीला रांग. तिकीट घरूनच मोबाइलवर काढायचं. निघायच्या आधी घरी पोटभर तर्री-पोहे, म्हणजे दुपारी दोनपर्यंत आतल्या कॅन्टीनकडे कुणी ढुंकून बघत नाही. डबा आत नेऊ देत नाहीत, म्हणून डबा गाडीत, गाडी झाडाखाली, आणि जेवायला बाहेर पडताना हातावर शिक्का मारून घ्यायला विसरायचं नाही. टॉवेल घरचे. लॉकर सगळ्यांत मिळून एक. चपला जुन्या रबरी, कारण नागपूरच्या मे महिन्यात तिथल्या फरशीवर अनवाणी चाललं तर तळवे भाजून निघतात.

लोक मला कंजूस म्हणतात. मी आहे. मला त्याची लाज वाटत नाही. पण गेल्या उन्हाळ्यात मी जी यादी केली, तिच्यातली एक ओळ खोटी होती. 'कॉश्च्युम भाड्याने घ्यायचे नाहीत, घरी शिवायचे. पैसे वाचतात.' पैसे वाचणार होते हे खरं, पण मी शिवायला बसले त्याचं कारण माझ्या सासूबाई होत्या.

त्याच्या दोन वर्षं आधी धंतोलीतल्या एका दवाखान्यात त्यांचं ऑपरेशन झालं. पुण्याला दीर आणि जाऊ असतात, त्यांना आम्ही फोनवर सांगितलं की छोटी गाठ होती, काढली. गाठीबरोबर डावा स्तन पूर्ण काढावा लागला, हे फक्त मला आणि माझ्या नवऱ्याला माहीत होतं. वेळेत कळल्यामुळे पुढचं गोळ्यांवर भागलं. ती दोघं येऊन तीन दिवस राहून गेली, तेव्हा आई शाल पांघरून पलंगावर होत्या. जाताना जावेने त्यांच्या पायाला हात लावला आणि ती दाराबाहेर पडल्याबरोबर आईंनी माझा हात धरला.

"तिले सांगू नको वं. पोरालेही नाही. त्यांच्यासमोर मी अशीच बरी."

मी शब्द दिला. पट्टी मी बदलत होते, टाके मी बघितले होते, रात्री त्यांच्या खोलीत मी झोपत होते. त्यांच्या अंगाची ती गोष्ट माझ्याजवळ ठेवलेली होती, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा थोडा गर्वही होता.

मग गेल्या मे महिन्यात पुण्याहून नातवाचा फोन आला. सुट्टीत नागपूरला येतोय, वॉटर पार्कला जायचंय, आजी, तूपण लाटांमध्ये येशील ना? मला वाटलं, आई काहीतरी कारण सांगतील. त्या लगेच म्हणाल्या, "येते ना." त्यांचं माहेर कामठीचं. लहानपणी कन्हान नदीत भावांच्या पुढे पोहत जायच्या, असं त्यांनी मला शंभर वेळा सांगितलं होतं. फोन ठेवल्यावर त्या माझ्याकडे बघत बसल्या. येते म्हणून बसल्या होत्या आणि आता कसं यायचं ते मी बघायचं होतं.

तिथे सुती कपड्यांनी पाण्यात उतरू देत नाहीत. नायलॉनचाच कपडा हवा, नसेल तर काउंटरवरून भाड्याने घ्यायचा. भाड्याचे ते कपडे मी पाहिलेले आहेत. गळा मोठा, कापड पातळ, अंगाला चिकटणारं. ओलं झाल्यावर त्यात काहीही लपत नाही. मी पार्कला दोनदा फोन करून विचारलं, घरचा नायलॉनचा चालेल का? चालेल म्हणाले. सीताबर्डीला जाऊन गडद निळं कापड आणलं. एकट्या आईंसाठी शिवलं असतं तर शंका आली असती, म्हणून त्यांचा, माझा आणि माझ्या मुलीचा असे तीन जोड शिवले. बंद गळा, कोपरापर्यंत बाह्या, खाली सैल पँट. मुलगी म्हणाली, आपण तिघी लग्नातले बँडवाले दिसतो.

आईंच्या कुर्त्याला आतून डावीकडे एक खिसा होता. त्या खिशात काय भरायचं यावर आमचे आठ दिवस गेले. नवरा कामावर आणि मुलगी मैत्रिणीकडे गेली की आम्ही दोघी न्हाणीघरात बादली घेऊन बसायचो. आधी जुन्या उशीचा फोम भरला, तो पाणी पिऊन असा जड झाला की कुर्ता एका बाजूला लोंबायला लागला. मग बाळाच्या उशीत भरतात तशी मोहरी भरून पाहिली. आई म्हणाल्या, "मोड येतीन वं मले." थर्माकोलचे दाणे भरले तर ते तरंगून थेट खांद्याजवळ गेले, आणि त्या दिवशी आम्ही दोघी इतक्या हसलो की शेजारीण विचारायला आली. शेवटी अंघोळीची नायलॉनची जाळी घडी करून आणि वजनाला मूठभर प्लास्टिकचे मणी घालून ते जमलं. पाणी आत जायचं, बाहेर यायचं, आकार तसाच राहायचा. आईंनी ओल्या कुर्त्यात आरशासमोर उभं राहून दोन्ही हात वर केले, खाली केले. मग परत एकदा वर केले. मला मात्र रडू आलं.

मंगळवारी आम्ही सात जण निघालो. आम्ही तिघं, ती तिघं आणि आई. सगळं यादीप्रमाणे चाललं होतं. कपडे बदलायच्या खोल्यांच्या आधी एक काउंटर होता, तिथे विशी-बाविशीचा एक कर्मचारी सगळ्यांचे कपडे तपासत होता. माझा आणि मुलीचा जोड त्याने हाताने चाचपून परत दिला. मग पिशवीतून आईंचा कुर्ता काढून त्याने तो दोन्ही हातांनी सगळ्यांसमोर वर धरला.

"मॅडम, याच्या आत काही हाय. अस्तर नाई चालत."

त्याची बोटं खिशाच्या शिवणीवर होती. जाळी दाबली जात होती, मणी कुरकुरत होते, ते मला दोन हातांवरून ऐकू येत होतं. माझ्या मागे जाऊ उभी होती, तिच्या मागे दीर. मी कुर्ता ओढून घेतला.

"पॅडिंग आहे," मी म्हणाले. "नायलॉनचंच आहे. मी फोनवर विचारलं होतं."

"फोनवर कोणी सांगतलं मले मालूम नाई. भरलेला कपडा पाण्यात नाई जात. इथून भाड्यानं घेऊन घ्या."

त्याने भाड्याचा एक जोड काउंटरवर टाकला. जांभळा, पातळ, मोठ्या गळ्याचा. आई बाकावर बसल्या होत्या. त्यांनी त्या जोडाकडे पाहिलं आणि पदर खांद्यावर ओढून घेतला.

तिथे मी खरं तर म्हणायला हवं होतं, की राहू द्या, आई काठावर बसतील. पण त्या नातवाला येते म्हणाल्या होत्या. आणि आमचे ते आठ दिवस, ती बादली, तो आरसा आठवून मला राग आला. मला दुसरं काही सांगता येत नव्हतं, म्हणून मी पैशांवरून भांडायला लागले. एवढं भाडं? वर अनामत वेगळी? धुतलेला तरी आहे का? मी बोलत गेले आणि आवाज चढत गेला. मागे रांग लागली. कुणीतरी च्यक् केलं.

जाऊ पुढे आली. ती कधी आवाज चढवत नाही. "ताई, सोडा ना," ती म्हणाली. "मी देते पैसे. किती वाचवायचं आपण?" तिने पाकीट उघडलं, पैसे दिले, जांभळा जोड उचलला. "चला आई, मी मदत करते बदलायला."

"तू राहू दे," मी ओरडले. "मी नेते त्यांना."

"अहो, पण यात ओरडण्यासारखं काय आहे?"

"वहिनी," दीर म्हणाले, "आईसाठी एक दिवस तरी मन मोठं करा."

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो वाकून चपलेचा पट्टा नीट करत होता. त्या चपलेला पट्टा नव्हता, साधी रबरी स्लीपर होती. त्याला सगळं माहीत होतं. त्या क्षणी मला जगात कुणाचा राग आला असेल तर त्या वाकलेल्या पाठीचा.

मी जांभळा जोड जावेच्या हातातून घ्यायला गेले, तिने सोडला नाही. आम्ही दोघी शिकल्यासवरलेल्या बाया भर उन्हात एक कपडा दोन टोकांनी धरून उभ्या होतो. तेवढ्यात पुतण्या, सात वर्षांचा, अगदी साध्या आवाजात म्हणाला, "काकू कंजूस आहे ना, म्हणून देत नाहीये."

जावेचा चेहरा लाल झाला. मुलाने हे स्वतःच्या मनाने म्हटलेलं नव्हतं, त्यांच्या घरात ते बोललं जात होतं, हे मलाही कळलं आणि मला कळलं हे तिलाही कळलं. एक वाक्य बोलले असते तर सगळ्यांची तोंडं बंद झाली असती. ते वाक्य माझ्या जिभेवर होतं. मी ओठ दाबून धरले.

आई बाकावरून उठल्या. त्यांनी माझ्या हातातला निळा कुर्ता घेतला आणि जावेला म्हणाल्या, "धाकटे, चल वं माह्यासंग."

"आई, मी येते," मी म्हणाले.

"तू थांब."

दोघी आत गेल्या आणि दार लागलं. मी दारासमोर उभी राहिले. आतून काही ऐकू येत नव्हतं. पलीकडे लाटांच्या तलावाचा भोंगा वाजला, पोरं किंचाळली, दीर पाण्याची बाटली घेऊन इकडून तिकडे फिरत राहिले. आईंचा पाय घसरला असेल का? जाऊ घाबरून काही बोलून गेली असेल का? तिच्या एखाद्या शब्दाने, एखाद्या नजरेने आईंना परत शाल पांघरून पलंगावर नेलं असतं, आणि मला तर आत जायची मनाई होती. मी दोनदा कडीला हात लावला आणि काढला.

दार उघडलं तेव्हा एकटी जाऊ बाहेर आली. डोळे पुसले होते तरी कळत होतं. माझ्याकडे न बघता ती सरळ काउंटरवर गेली आणि जांभळा जोड तिने त्या पोरापुढे ठेवला.

"हा परत घ्या. माझ्या सासूबाई घरचाच घालतील."

"मॅडम, नियम..."

"मॅनेजरला बोलवा." मग तिने आवाज चढवला. मी तिला बारा वर्षं ओळखते, तो आवाज मी पहिल्यांदा ऐकला. "बोलवा म्हणते ना! तोपर्यंत मी इथून हलणार नाही, आणि ही रांगही हलणार नाही."

मॅनेजर म्हणून चाळिशीची एक बाई आली. जाऊ तिच्या कानाशी दोन वाक्यं बोलली. त्या बाईने कुर्ता मागितलाही नाही. "जाऊ द्या त्यांना," एवढंच ती पोराला म्हणाली. पोरगा बिचारा गोंधळून गेला. त्याने मुकाट्याने पैसे परत केले.

मला हायसं वाटायला हवं होतं. वाटलंही. पण त्याच्या आधी मला जो वाटला तो मत्सर होता, तेही लिहिलं पाहिजे. दोन वर्षं मी जे एकटीने सांभाळलं, ते आईंनी दहा मिनिटांत दुसरीच्या हातात देऊन टाकलं होतं. आणि माझं सगळं भांडण जिथे हरलं, तिथे तिने दोन वाक्यांत काम केलं होतं. जाऊ माझ्याजवळ येऊन "ताई" म्हणाली. मी तिला म्हटलं, टॉवेल घे, आई येतील. याहून चांगलं काही मला सुचलं नाही.

आई निळ्या जोडात पाण्यात उतरल्या. नातू एका हाताला, नात दुसऱ्या हाताला. भोंगा वाजला, पहिली लाट कमरेपर्यंत आली, दुसरी छातीपर्यंत. मी बाजूला उभी राहून त्यांच्या डाव्या बाजूकडे बघत होते. सगळं जागच्या जागी होतं. तिसऱ्या लाटेला त्यांनी पोरांचे हात सोडले आणि हात पसरून त्या लाटेवर आडव्या झाल्या. कामठीच्या त्या पोरीला मी पहिल्यांदा बघत होते.

लाटा थांबल्यावर पोरं पुढे पळाली. आई माझ्याजवळ येऊन पाण्यात उभ्या राहिल्या. दम लागला होता.

"काहून सांगितलं आई तुम्ही तिला?" मी विचारलं. माझ्या आवाजात तक्रार होती. "मी कोणाला कळू दिलं नसतं."

"मालूम हाय मले."

"मग?"

त्यांनी तोंडावरचं पाणी पुसलं. "समदे तुले कंजूस म्हणून राहिले होते. तू माह्यापायी ऐकून घेऊन राहिली होती. मले थे पाहवलं नाही."

मी खरं तेच म्हणाले. "पण आई, मी आहेच कंजूस."

"आहेसच," आई म्हणाल्या. "पण आज नव्हती."