लॅपटॉपचा पोळा

आमचा फोरम म्हणजे काही मोठी भानगड नव्हती. सावली गावाच्या आसपासचे, तलावांवर जीव असलेले आम्ही काही रिकामटेकडे त्या वेबसाइटवर पाखरांविषयी, मासोळ्यांविषयी लिहायचो आणि एकमेकांशी कडकडून भांडायचो. त्यात एक मासेमार भाऊ होते. लिहिणं त्यांना कंटाळवाणं वाटे, म्हणून ते बोलून पाठवायचे. मरळ आपली पिलं कशी राखते, कमळाच्या पानाखाली पाणी किती गार असतं, असलं काहीबाही. त्यांचा तो संथ आवाज ऐकता ऐकता मी कुठं बसलोय तेच विसरून जायचो. मागच्या वर्षी भाऊ गेले, तरी त्या आवाजांखाली लोक अजून त्यांना लिहितात. त्यांची बायको, जिला आम्ही बाई म्हणतो, रोज मोबाइलवर फोरम उघडून त्यांचं बोलणं लावते, हे मला ठाऊक होतं.

म्हणून ज्यांनी फोरमला इंटरनेटवर फुकटात जागा दिली होती त्यांनी आता ती बंद होणार असं कळवलं, तेव्हा मी आधी बाईला गाठलं. भाऊंचे आवाज तुमच्या मोबाइलमध्ये टाकून देतो, म्हटलं, तर बाई म्हणाली, “नाई बाबू. तिथीच राहू दे. तिथी लोकं त्यायच्याशी बोलतेत.”

मग फोरम ठेवायला स्वतःचं मशीन शोधणं आलं. कोळसा-खाणींच्या घुग्घुसला एका भंगारवाल्याकडं कुठल्याशा बंद पडलेल्या ऑफिसचा सर्व्हर होता. रॅम बख्खळ, भाव मातीमोल. मी हरखलोच. त्यानं तो चालू केला अन् बापरे! धानाची मळणी सुरू झाल्यासारखा आवाज, आणि पंख्यातून कोळशाची काळी भुकटी. असलं धूड घरी आणलं असतं तर विजेचं बिल पाहून आईनं मलाच बाहेर काढलं असतं. मग तळहाताएवढा, एकाच बोर्डाचा कॉम्प्युटर घ्यावा म्हटलं. पण आमच्याकडं जरा वारा सुटला की लाइन जाते, आणि असं धाडकन बंद पडून त्यातलं मेमरी कार्ड खराब व्हायची भीती. शेवटी बल्लारपूरला एक जुना लॅपटॉप सापडला. स्क्रीन फुटका, काही बटणं गायब, पण बॅटरी ठणठणीत. लाइन गेली तरी हा पठ्ठ्या जागाच राहणार! गप्पा सांभाळायला ताकद अशी लागते किती? नवी एसएसडी डिस्क टाकली, खिडकीजवळच्या फळीवर ठेवला आणि सगळा फोरम त्याच्यात आणला.

दुपारी शेतातल्या बांध्यांमधल्या धानावरून हिरवट उजेड खोलीत यायचा. लॅपटॉप बारीक घुमत असायचा. डोळे मिटले की वाटायचं, भाऊ इथंच आहेत, कमरेइतक्या पाण्यात उभे, आणि आम्ही सगळे काठावर बसून ऐकतोय. मला फार बरं वाटायचं तेव्हा.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आईनं बैलांचे खांदे हळद-तुपानं शेकले, “आज आवतन घ्या, उद्या जेवाले या” असं त्यांना म्हणाली, आणि आत येऊन लॅपटॉपलाही कुंकू लावलं. मी हसलो. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवायला घरी आलो तर लॅपटॉप गार पडलेला.

“आई, काय केलं तू याले?”

“सकाळीच वायर काढली. रातदिवस राबून राह्यला बिचारा. बैलाले सुट्टी, मंग याले काऊन नाई?”

म्हणजे वायर काढल्यावर बॅटरीवर जमेल तेवढा तग धरून बिचारा बंद पडला होता. मी असा भडकलो! “मशीन हाये ते, बैल नोहे!” आई शांतपणे पुरण वाटत राहिली. तेवढ्यात मोबाइल वाजला. बाईचा होता. उचलला.

“बाबू, उघडूनच नाई राह्यलं आज.”

“चुकलं बाई. आईनं पोळ्याची सुट्टी देली मशीनले. आत्ताच सुरू करतो, थांबा.”

“नोको करू,” बाई म्हणाली. “ते होते तवा सणाच्या दिवशीबी जाळं घेऊन तलावावरच. मी ताट वाढून वाट पाहत राहो. आज एक दिवस राहू दे त्यायले घरी.”