रामटेकच्या पायऱ्यांवर ढोक सरांची जर्मन

रामटेकला लोक देवदर्शनाला जातात, तलाव बघायला जातात, नवीन लग्न झालेले फोटो काढायला जातात. आम्ही गेलो होतो ते आमचे ढोक सर शिकवतात ती भाषा खरोखर जर्मन आहे की नाही, याचा निकाल लावायला. सत्तरच्या दशकातली गोष्ट. इतक्या सबळ कारणासाठी मी नंतर कुठलीच सहल केलेली नाही.

मी तेव्हा विद्यापीठात जर्मन भाषा आणि संस्कृती शिकत होते. म्हणजे नागपूरच्या उन्हाळ्यात, बंद पंख्याखाली बसून, बर्फ कसा पडतो ते ऐकत होते. काट्या-सुरीने केळं खाण्याचं प्रात्यक्षिकही झालं होतं. सर स्वतः कधी जर्मनीला गेले नव्हते. एक जुनं व्याकरण आणि घासून गेलेल्या ग्रामोफोनच्या तबकड्या, एवढ्या भांडवलावर ते भाषा शिकले होते. त्यांची परीक्षा घेऊ शकेल असा माणूस आमच्या माहितीत कोणी नव्हता. त्यामुळे सरांच्या बायको, आमच्या काकू, जशा घरी शेवया करतात तशी सर घरीच जर्मन करतात, अशी गावात बोलवा होती.

लकडगंजात लाकडाचा धंदा करणाऱ्या माझ्या बाबांनाही तीच शंका. "भाषा खरी असंल त शिक," ते म्हणाले होते. "नाही त कळमेश्वरच्या कारखान्यातला सुपरवायझर तुले पाहाले येऊनच राहिला."

अशात बातमी आली, की डॉ. फिशर नावाचे एक अस्सल जर्मन पंडित रामटेकच्या देवळांतले जुने शिलालेख बघायला येत आहेत आणि सरांनी त्यांना सोबत करायची आहे. सरांनी आठवडाभर आरशासमोर तालीम केली. मी आणि काकू आपणहून निघालो. काकूंनी डब्यात सांबारवडी घेतली. बाहेरच्यांसाठी सांगते, आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, उगाच इडली शोधू नका.

सकाळी बसस्टँडवर सर कोट घालून उभे. फिशरसाहेब समोर येताच त्यांनी पाठ केलेलं स्वागताचं भाषण सुरू केलं. दुसऱ्याच वाक्याला पाहुण्याने हात जोडले आणि म्हणाला, "क्षमा असावी. कृपा करून आज मजशी केवळ मराठी भाषेत संभाषण करावे. या दिवसाची मी फार वर्षे प्रतीक्षा केली आहे."

सरांचा चेहरा असा पडला की मला हसायचाही धीर होईना. तेही फार वर्षं वाटच बघत होते ना! पण पाहुण्याचा मान मोडायचा कसा? त्यांनी भाषण गिळलं आणि मराठीत म्हणाले, "बरं. बसा मग बसमध्ये."

"पाहिलं वं?" काकू माझ्या कानाशी लागल्या. "ह्यांची जर्मन ऐकून तो बिचारा मराठीवर आला."

मला कळमेश्वर डोळ्यांसमोर दिसायला लागलं.

आता रस्ता छान झाला आहे. तेव्हा कामठी, कन्हान, मनसर करत बस गचके खात जायची आणि प्रत्येक गचक्याला फिशरसाहेब "अहो आश्चर्यम्!" म्हणायचे. बाहेर धानाची कापणी चालली होती. त्यांनी विचारलं, "हे कृषीवल कोणते धान्य कापीत आहेत?" सर खिडकीकडे बघत म्हणाले, "धान." एवढंच. मनसरला उतरून आम्ही तर्री-पोहे खाल्ले. तिथल्या तर्रीपुढे पंडितांचं मराठी काही काळ बंद पडलं, पण त्या जागी जर्मनही आली नाही, नुसतं पाणी आलं, नाकाडोळ्यांतून.

तुम्ही जाणार असाल तर थंडीत जा, सकाळी जा आणि गडावर चढताना फुटाण्यांची पुडी हातात मिरवू नका. वानरं तिथली जुनी रहिवासी आहेत आणि आपण पाहुणे आहोत हे ती विसरू देत नाहीत. हे सगळं प्रसाद विकणाऱ्या बाईने फिशरसाहेबांनाही सांगितलं होतं. पण ते त्यांच्या पुस्तकी मराठीत नसावं. ते पुडी छातीशी धरून, वर बघत, प्रसन्न मुद्रेने चढत होते.

अर्ध्या वाटेवर एक दांडगं वानर कठड्यावरून झेपावलं आणि त्यांचा चष्मा घेऊन परत कठड्यावर जाऊन बसलं.

चष्म्याबरोबर पंडितांचं मराठीही गेलं. ते घशातून काहीतरी ओरडायला लागले, हात हवेत फिरवायला लागले, आणि वानर दात विचकून पुढे सरकलं. मागे उतार, आणि माणसाला काही दिसत नाही.

सर मात्र तिथेच उभे राहिले आणि वर्गात बोलतात त्या आवाजात म्हणाले, "झेत्सन झी झिश!"

फिशरसाहेब मटकन पायरीवर बसले.

सर आणखी काहीतरी म्हणाले. फिशरसाहेबांनी हात खाली घेतले. सर पुन्हा बोलले. त्यांनी पुडी हळूच बाजूला ठेवली आणि बसल्या बसल्या मागे सरकले. वानराने पुडीकडे बघितलं, चष्म्याकडे बघितलं, चष्मा टाकला आणि पुडी उचलून गेलं.

"अवं माय," प्रसादवाली म्हणाली, "गोऱ्यानं ऐकलं न गा मास्तरचं!"

काकूंनी टोमणा न मारता चष्मा उचलून पदराने पुसला. हे रामटेकचं दुसरं आश्चर्य.

एक काच फुटली होती. शिलालेख राहिले. फिशरसाहेब सरांचा दंड धरून खाली उतरायला लागले आणि अंबाळा तलाव येईपर्यंत अखंड जर्मन बोलत होते. सर उत्तरं देत होते, मधूनच दोघं हसत होते. मागून चालताना मला निम्मंच कळत होतं. पण ते निम्मं मला वर्गात शिकवलेलंच होतं, आणि मला रडू येत होतं.

घरी गेल्यावर बाबांनी विचारलं, "मंग? खरी हाय?"

"खरी हाय, बाबा."

त्यांनी धंद्याची वही मिटली. "थांबा म्हणतो मंग कळमेश्वरवाल्याले," म्हणाले.

पुढे मी जर्मनीला गेले, तिथला बर्फ बघितला. सर सांगायचे तसाच पडतो. ते ठीकच. पण रामटेकच्या त्या प्रवासातलं जे माझ्याजवळ राहिलं ते घरी पोचायच्या आधीचं आहे. परतताना आम्ही सरांकडे चहाला थांबलो होतो. सर कोट काढून बसले होते. काकू चहा घेऊन आल्या, पण कप खाली ठेवेनात.

"अहो," त्या म्हणाल्या, "त्याले बसवलं ते काय म्हणलं होतं तुम्ही? मले सांगा बरं."

सरांनी सांगितलं. काकूंनी म्हणून बघितलं. तीनही शब्दांचं भजं झालं. उच्चार जरा चुकला तर आम्हाला तासभर उभं ठेवणारे ढोक सर काकूंकडे बघत राहिले आणि म्हणाले, "बरोबर. अगदी बरोबर."