दारात आणलेली जीप

समजा, पौषातली सकाळ आहे. जीपच्या पत्र्यावर दव इतकं गार की हात टेकवत नाही. तुम्ही ड्रायव्हरच्या सीटवर बसलात, चोक ओढलात आणि पायाखालचं स्टार्टरचं बटण दाबलंत. इंजिन कण्हतं, अर्धा फेरा घेतं आणि थांबतं. पुन्हा दाबता. पुन्हा तेच. मागच्या सीटवर एक म्हातारी बसली आहे आणि तिला श्वास घेता येत नाही. आधी काय बघाल? बॅटरी, प्लग, की पेट्रोल?

बहात्तरच्या जानेवारीत छगनवर ही वेळ आली.

छगन अकोले तालुक्यातला, राजूरच्या वर डोंगरात राहणारा. थोडी भातखाचरं होती, पण पोट भरायचं ते जीपवर. जीप राजूरच्या काकासाहेब नावाच्या व्यापाऱ्याची. बाजारच्या दिवशी माणसं, एरवी भाताची पोती. गाडी दुसऱ्याची असली तरी जीव छगनचा. दसऱ्याआधी त्याने तिच्या चासीचा, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्याचा, गंज घासला, सुटेल ते सोडवून खाली वाकून काळा रंग दिला. बायको केशर तेव्हा म्हणाली होती, "माझ्या लुगड्याला ठिगळ अन् हिला नवा रंग!"

थंडी पडली तशी जीप सकाळी सुरू होईना. दुपारी मात्र बटण दाबताच निघायची. हँडल मारावं तर पुढचा बंपर धडकेत वाकल्यापासून ते आत जात नव्हतं. मग छगनने त्या भागातल्या सगळ्या ड्रायव्हरांचा उपाय धरला. संध्याकाळी गाडी घरामागच्या टेकावर उताराला तोंड करून लावायची आणि चाकाखाली दगड द्यायचा. सकाळी दगड काढला की गाडी घरंगळते. दुसरा गिअर टाकून क्लच सोडला की इंजिन धरतं. उताराने त्याला कधी दगा दिला नव्हता.

तरी मालकाला काळजी. मी नगरला मोटर मेकॅनिकचं शिकून राजूरच्या गॅरेजात नुकताच लागलो होतो. काकासाहेबांनी मला गाडी बघायला धाडलं. दोष थंडीतच दिसणार, म्हणून मी संध्याकाळी मुक्कामालाच गेलो.

छगनची आई गोजरबाई चुलीपाशी बसली होती. तिला दमा. दर हिवाळ्यात जोर करायचा आणि राजूरच्या डॉक्टरांच्या इंजेक्शननेच उतरायचा. इंजेक्शनला उशीर झाला तर माझ्या हातात काही राहणार नाही, असं डॉक्टरांनी छगनला स्पष्ट सांगितलं होतं. त्या संध्याकाळी तिच्या छातीतली शिट्टी मला उंबऱ्यावरून ऐकू आली.

"मेस्त्री, तिच्या आधी मला बगा," म्हातारी म्हणाली. "आमा दोगींचा येकच आजार. थंडीत दम लागतो."

ती हसली. हसण्याचा खोकला झाला आणि तो थांबेना. केशर तिची पाठ चोळत राहिली.

छगन उठून बाहेर गेला. थोड्या वेळाने जीप दारात येऊन थांबल्याचा आवाज आला.

"आवो, खाली कशापायी आनली?" केशरने विचारलं.

"रातीत काय झालं तर आयेला टेकावर कशी न्यायची? दारात आसली म्हंजे उचलून बसवायची अन् निगायचं."

"अन् चालू न्हाई झाली तर?"

"तोंडातून वंगाळ काडू नगं. मेस्त्री हायेत की घरात."

घर खोलगट जागेत होतं. तिन्ही बाजूंना खाचरांचे बांध, चौथ्या बाजूला चढाची वाट. तिथून गाडी ढकलत वर नेणं दोघा-तिघांचं काम नव्हतं.

उजाडताना केशरने हाक मारली. गोजरबाईचे ओठ काळे-निळे पडले होते. छगनने तिला घोंगडीत गुंडाळून मागे बसवलं, केशर तिला धरून बसली. त्याने बटण दाबलं. इंजिन कण्हलं आणि थांबलं.

"बॅटरी बसली जनू," छगन म्हणाला.

"दिवे लावा आणि पुन्हा दाबा."

दिवे लख्ख लागले. बटण दाबलं तरी मंद झाले नाहीत. बॅटरी बसली असती तर ते विझत आले असते. म्हणजे वीज बॅटरीत होती, स्टार्टरपर्यंत पुरती पोचत नव्हती. एवढ्यात छगनने चोकवरचा हात झटकला.

"भाजलं वो! चोकची तार तापलीय!"

मागे गोजरबाईचा श्वास करवतीसारखा येत-जात होता. तापलेल्या तारेचा वास सुटला. स्टार्टरची वीज तिच्या नेहमीच्या वाटेने परत न जाता त्या बारीक तारेतून जात होती. नेहमीची वाट म्हणजे इंजिनापासून चासीला जोडलेली तांब्याची विणलेली पट्टी. मी गाडीखाली शिरलो. पट्टी जागेवर होती, बोल्ट घट्ट होता. पण तिच्याखाली चासीवर गुळगुळीत काळा रंग होता.

"छगनराव, ही पट्टी सोडली होती?"

"व्हय. रंग दिऊन परत आवळली. का वो?"

रंगातून वीज जात नाही. गरम इंजिन हलकं फिरतं, त्याला थोडी वीज पुरते. थंडीत तेल घट्ट झालं की पुरत नाही. हे तेव्हा सांगायला सवड नव्हती. गंजलेला बोल्ट पान्याला दाद देईना. छगन शेजारी पालथा पडून विळ्याने रंग खरवडायला थांबला होता.

"आत्या, डोळं उगडा," वर केशर म्हणत होती. "आत्या, माझ्याकडं बगा."

बोल्ट सुटला. छगनने पत्रा चकचकीत होईपर्यंत खरवडला, मी पट्टी आवळली. पहिल्याच दाबाला इंजिन धडाडलं.

वाटेत मागची करवत थांबली. छगनने मान वळवली नाही. उतारावर गाडी मी कधी पाहिली नव्हती एवढ्या वेगाने तो नेत राहिला. राजूरला डॉक्टर शाल गुंडाळून बाहेर आले, घोंगडी बाजूला केली आणि पुन्हा तशीच ओढली.

त्यानंतर त्या जीपने थंडीत कधी त्रास दिला नाही. राजूरला आला की छगन गॅरेजात टेकतो, बिडी पेटवतो. रंगाबद्दल तो मला कधीच विचारत नाही. ते त्याला कळलंय. डॉक्टरांनाही त्याने काही विचारलेलं नाही. मला मात्र तो दर वेळी एकच विचारतो आणि माझ्याकडे न बघता विचारतो:

"मेस्त्री, गाडी टेकावरच ठिवली आसती अन् आयेला पाठीवर घिऊन चढलो आसतो, तर पोचली आसती का वो ती?"